तारांआधी सांधा बघा

दातांचा डॉक्टर म्हटल्यावर ब्रश कसा धरावा हे सांगेल, असं वाटलं असेल. ते तुम्हाला ठाऊक आहे. मला बोलायचंय जबड्याच्या सांध्याबद्दल.

दोन्ही कानांच्या अगदी पुढे बोटं टेकवा. तोंड सावकाश उघडा, मिटा. बोटाखाली हाडाची गोळी सरकली ना? तोच सांधा. खालचा जबडा या दोन सांध्यांवरच फिरतो.

आता इंदापूर रस्त्यावरची रसवंती आठवा. चरकाचं बेअरिंग झिजलं की रूळ एका अंगाला जातो, दाते नीट बसत नाहीत, चिपाड ओलंच बाहेर पडतं. तिथे दाते कानशीने घासून भागेल का? वालचंदनगरचा कुठलाही फिटर आधी रूळ जागेवर आहे का ते बघेल. पोराच्या तोंडाच्या बाबतीत मात्र आपण थेट दात्यांनाच हात घालतो!

आठ वर्षांचं पोर घ्या. वरचा जबडा अरुंद. तोंड मिटताना दुधाचा सुळा आधी टेकतो, म्हणून ते खालचा जबडा उजवीकडे सरकवून चावतं. दात मिटलेले दिसतात, पण हनुवटी नाकाच्या रेषेत नसते. या वयात वरचा जबडा प्लेट लावून रुंद करता येतो. वाढ संपल्यावर कधीकधी शस्त्रक्रियेवर जातं. आणि तुम्ही येता कधी? लग्न ठरल्यावर! ‘डॉक्टर, साखरपुड्यापर्यंत पुढचे चार तेवढे सरळ करा.’ अहो, चारच दातांनी जेवणार आहे का मुलगी?

म्हणून सांगतो, मिटलेल्या दातांचा फोटो पुरेसा नाही. जबडा सैल सोडून मिटवल्यावर पहिला दात कुठला टेकतो, ते तारा लावण्याआधी बघायला सांगा. पहिला दात कुठला टेकतो, एवढं लक्षात ठेवा.

सांध्यातून नुसता टक् आवाज येतो म्हणून घाबरू नका. दुखत नसेल, तोंड नीट उघडत असेल, तर त्याला बहुधा उपचार लागत नाही. सांधेदुखी तारांनी हमखास जाते असं कुणी म्हटलं, तर तेही खरं मानू नका.

तोंडात उभी तीन बोटं मावत नसतील तर मात्र... त्यामागे कधी सुपारी-गुटखाही असतो. २०१२ पासून राज्यात गुटख्याला बंदी, तरी खिशात पुडी आहेच. गाल आतून ताठरतात आणि मग... वेळ संपल्याची खूण होतेय. ते पुढच्या वेळी. आज जेवणं झाली की पोरांना उजेडात बसवून हनुवटी तेवढी बघा.