आजोबांची पत्र्याची पेटी



आम्ही सरकारी नोकर. दिवसभर लोकांचे दाखले तपासतो, पण आजोबांचा एकही कागद कधी पाहिला नव्हता. १९७२ च्या दुष्काळात ते अमळनेरकडून ताप्ती लाईनच्या गाडीने उधन्याला उतरले आणि लूमच्या खात्यात लागले. तुमच्यातल्या बऱ्याच घरांची हीच गोष्ट.

पेटीत रेशनकार्ड, पगाराची चिठ्ठी, चौथीचा दाखला. तिन्हींवर वय वेगळं, आडनावंही दोन. म्हणून सांगतो, आडनाव जुळलं नाही तरी कागद टाकू नका. बापाचं नाव आणि गाव बघा. दाखल्यावर जिल्हा ‘पूर्व खानदेश’, म्हणजे आजचा जळगाव.

तालुक्याला जाऊन जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक काढवलं. मजकूर मोडीत, एका निवृत्त गुरुजींनी वाचून दिला. आजोबांची नोंद १९३४ ची. चार पानं पुढे त्याच बापाची मुलगी, वय तीन, मयत, ताप. या बहिणीबद्दल घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण आजोबांनी आमच्या आत्याला ठेवलेलं नाव तिचंच.

आत्या आता सत्तरीची. झेरॉक्स हातात दिली, तर मोडी येत नसूनही त्या ओळीवर कितीतरी वेळ बोट फिरवत बसली.