मैदान कुणाच्या बापाचं?

(वस्तीतल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी गोदीत काम करतो. मॅट्रिक झालो आणि हातात हूक घेतला. कविता लिहितो, पण आज कविता म्हणणार नाही. आज बागा आणि मैदानं या विषयावर बोलणार आहे. काही जण हसतील. म्हणतील, ह्याला धड खोली नाही, पर्मनंट नोकरी नाही, आणि हा बागेवर बोलतोय. बाग म्हणजे पेन्शनरांचा विषय. भाकरीचं बोल, बाबा.

भाकरीचंच बोलतो. १९४६ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगाराचा आठवडा ४८ तासांचा ठरला. ती दुरुस्ती आणली तेव्हा सरकारात मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. म्हणजे दिवसातले काही तास मालकाच्या जबड्यातून काढून कायद्यानं आपल्या हातात ठेवले. वेळ मिळाला. पण त्या वेळेत जायचं कुठं? दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. एक पाळीवरून येऊन आडवा होतो, तेव्हा दुसऱ्यानं उठून बाहेर पडायचं. बाहेर म्हणजे नाका. नाक्यावर पोलिसाची गाडी. गुत्त्यात गेलं तर पगार गेला. आणि पोरींना तर नाकासुद्धा नाही! ज्याच्या घरात हॉल आहे, गॅलरी आहे, त्याला मैदान ही हौस असेल. आपल्याला मैदान म्हणजे घराची दुसरी खोली आहे. ती खोली कुणीतरी कुलूप लावून बंद केलीय.

हा प्रश्न नवा नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात पास झाला. सरकारी पैशातून बांधलेले, चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद तयार झाला, पण पाणी काही जवळ आलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं चालत गेली, ओंजळ भरली, तेव्हा त्या कागदाला जीव आला. १९५० ला हेच घटनेत आलं, कलम १५, पोटकलम दोन. विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या किंवा जनतेसाठी दिलेल्या सार्वजनिक जागा, इथं धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणाला अडवता येणार नाही. बाग आणि मैदान ह्याच कलमात बसतात. ध्यानात ठेवा, हे कुणाच्या मेहेरबानीचं काम नाही.

पण मैदानावर जात कशी खेळते ते बघा. पळवणकर बाळू. चांभाराचा पोरगा. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर पिच रोलरनं दाबायचा, नेट बांधायचा, साहेबांना बॉलिंग टाकायचा. त्या बॉलिंगचं नाव झालं म्हणून हिंदूंच्या टीमनं त्याला घेतलं. मैदानात त्याच्या हातचा चेंडू चालायचा. चहाच्या वेळी मात्र तो पॅव्हेलियनच्या बाहेर, आणि चहा वापरून टाकायच्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर विकेटी काढल्या. तरी हिंदूंचं कप्तानपद त्याला दिलं नाही. त्याचा भाऊ विठ्ठल १९२३ ला कप्तान झाला, तोही भांडण झाल्यावर. पुढं १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध उभा राहिला आणि पडला. ते राजकारण वेगळं, त्याचा हिशेब वेगळा. पण पिच कुणी दाबायचं आणि कप्तान कुणी व्हायचं, हा प्रश्न त्यानं मैदानावर उभा केला. तो अजून उभाच आहे.

बॉम्बे जिमखान्याचंच घ्या. १९३३ च्या डिसेंबरात भारतातली पहिली कसोटी तिथं झाली. हिंदुस्थानी माणूस तिथं देशासाठी खेळू शकत होता, मेंबर होऊ शकत नव्हता. गोरे गेले. मेंबरशिपचा दरवाजा राहिला. आता तिथं कातडीचा रंग बघत नाहीत, चेकबुकाचा बघतात.

आणि आपल्या बाजूला? मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास. केंद्र सरकारची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात दहा ते बारा हवी. सव्वा मीटर म्हणजे एक चटई अंथरता येत नाही भावांनो. तेवढ्यात आपण खेळायचं, सभा घ्यायची, लग्न लावायचं आणि म्हाताऱ्यांनी श्वास घ्यायचा.

जागा नव्हती असं नाही. होती. ५८ गिरण्या, सहाशे एकरांच्या आसपास जमीन. १९९१ च्या विकास नियमावलीत ५८ नंबरचा नियम होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानानं तिचे तीन वाटे: एक मोकळ्या जागेला, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला. २००१ ला नियमात दुरुस्ती केली. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, शेड उभी असलेली जमीन मालकाची. गिरणीत शेडच शेड, रिकामी जमीन किती असणार? हायकोर्टात २००५ ला लोकांच्या बाजूनं निकाल लागला, सुप्रीम कोर्टानं २००६ च्या मार्चमध्ये तो फिरवला. एका शब्दाच्या फेरफारात लालबाग-परळच्या पोरांची मैदानं गेली. आज तिथं मॉल आहेत. आपण तिथं जातो ते सिक्युरिटीच्या ड्रेसात.

आता उरल्यासुरल्याकडे या. माझ्या वस्तीजवळ एक बाग आहे, नाव सांगत नाही. दुपारी कुलूप. पाट्या दहा: बॉल खेळू नये, बाकावर झोपू नये, घोळक्यानं बसू नये. रात्रपाळी करून मी दुपारी तिथं गेलो तर गेटच बंद. वॉचमनला म्हटलं, दादा, कुणासाठी उघडता? तो म्हणाला, भाऊ, मला विचारू नको, मी ठेकेदाराचा माणूस, माझाच पगार दोन महिने थकलाय. तो आपल्यातलाच. माळी आपल्यातला, झाडणारी बाई आपल्यातली. काम करणारे सगळे आपले आणि नियम ठरवणारा एकही आपला नाही. दुखणं हे आहे.

म्हणून मैदान चालवणं हा पुढारीपणाचा विषय आहे. मोर्चात घोषणा देणारा पुढारी आपल्याकडे ढिगानं आहे. मैदान वर्षभर जिवंत ठेवणारा पाहिजे. ते काम मी गोदीच्या भाषेत सांगतो. टोळीत कोण कुठं उभा राहणार हे ठरलेलं नसेल तर जाळी माणसावर पडते. मैदानाचंही तसंच आहे.

पहिलं, जागेचा कागद. तुमच्या वस्तीजवळचा प्लॉट विकास आराखड्यात कशासाठी राखीव आहे ते बघा. खेळाचं मैदान लिहिलंय, बाग लिहिलंय, की काहीच नाही. कुणाच्या ताब्यात आहे? ठेका कुणाला, किती रुपयांचा, कामं कोणती लिहिलीत? २००५ चा माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांत अर्ज जातो. 'दत्तक' आणि 'काळजीवाहू' हे शब्द गोड आहेत, पण अशाच गोड शब्दांखाली सार्वजनिक प्लॉटांवर क्लब उभे राहिले. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेनं दत्तक धोरण मंजूर केलं, लोक ओरडले, मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली. २०२३ ला पुन्हा नवा मसुदा आला. म्हणजे डोळे मिटून चालणार नाही.

दुसरं, वेळ. वेळापत्रक वस्तीच्या पाळ्या बघून करा. सकाळी म्हातारे, दुपारी रात्रपाळीवाले, संध्याकाळी पोरं. आणि रोज ठरलेला तास फक्त पोरींचा. त्या तासात कप्तान पोरगी, शिट्टी पोरीच्या हातात. कुणी दादा मध्ये उभा राहून शिकवणार नाही. पोरगी मैदानात दिसत नाही तिथं बघा, बहुतेक वेळा संडास नाही, दिवा नाही, पाणी नाही. मागणीपत्रात ह्या तीन गोष्टी पहिल्या लिहा, पुतळा आणि कमान नंतर.

तिसरं, माती. आपल्या नगरसेवकांना पेव्हर ब्लॉकचं वेड आहे, कारण ब्लॉकमध्ये टेंडर असतं. कबड्डीला माती लागते. पोरगं ब्लॉकवर पडलं तर गुडघा फुटतो. पाऊस ब्लॉकवरून वाहून खोलीत शिरतो, मातीत मुरतो. पावसाळ्याआधी गटार साफ, नंतर माती सारखी करून पाणी मारणं, रोलर फिरवणं. हे काम माळ्याला विचारून करा. त्याला ते साहेबापेक्षा जास्त कळतं. आणि त्याचा पगार थकला तर त्याच्यासोबत वॉर्ड ऑफिसला जा. माळी उपाशी आणि मैदान हिरवं, असली हिरवळ आपल्याला नको.

चौथं, कमिटी. अध्यक्ष दर वर्षी बदलायचा. जमाखर्च फळ्यावर लिहायचा. फक्की मारायची पाळी सगळ्यांची, अध्यक्षाचीसुद्धा. मेंबरशिपची फी नको. आपणच गेट बांधून तिकीट लावलं तर त्या जिमखान्यात आणि आपल्यात फरक काय? शेजारच्या वस्तीतला भैय्या, मुसलमान, वडार, पारधी, जो येईल त्याला खेळू द्या. आपण पाण्यापासून अडवलेली माणसं आहोत. आपल्या हातून कुणी अडवला जाता कामा नये.

आणखी एक. मैदानावर फक्त खेळ नसतो. ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या बीडीडी चाळींत पँथरची सभा झाली, त्या सभेवर हल्ला झाला आणि दंगल पेटली. १० जानेवारीला परळच्या मोर्चात भागवत जाधव दगडानं मारला गेला. लोक एका जागी जमतात, बोलतात, ह्याचीच भीती असते त्यांना. दर ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात लाखो माणसं येतात, रात्र काढतात, पुस्तकं घेऊन जातात. ते मैदान नसतं तर ती माणसं कुठं बसली असती? आज आपल्या चाळी पाडून टॉवर होतायत. घर मोठं मिळतंय, आनंद आहे. पण नकाशात मैदान किती उरलं, पोडियमवर चढवलं की जमिनीवर ठेवलं, हे सही करायच्या आधी विचारा. सही झाल्यावर उत्तर देणारा भेटत नाही.

येत्या रविवारी टेप घेऊन या. आपल्या बाजूचा प्लॉट मोजू. लांबी, रुंदी, झाडं किती, दिवे किती, संडास आहे की नाही, सगळं वहीत लिहू. सोमवारी वही घेऊन वॉर्ड ऑफिसला जाऊ. ज्यांना पाळी आहे त्यांनी मंगळवारी या.

जय भीम!