तार गेली, भाडं आलं

गोखले रोड, राम मारुती रोडवरचे गल्ले आज लवकर बंद करून इथे आलेल्या व्यापारी बंधू-भगिनींनो,

अध्यक्षाने विषयाची थोरवी गावी अशी रीत आहे. पण मी पडलो सीए, मला आधी खतावणी दिसते. बिनतारी यंत्रणेने धंद्यात पैसे वाचतात का? वाचतात. फक्त यंत्र विकणारा जिथे बोट दाखवतो तिथे फारसे नाही.

तो दाखवतो वायरिंगचा खर्च. भिंत फोडायला नको, पट्ट्या ठोकायला नकोत. खरं आहे. पण दुकानात एकदा नीट टाकलेली केबल वर्षानुवर्षं पैसे मागत नाही, भाड्याचं बिनतारी यंत्र दर महिन्याला मागतं. माझ्या एका अशिलाच्या दुकानात पैसे आल्याची वर्दी देणारे तीन साउंडबॉक्स होते. बोलायचा एकच. उरलेले दोन खणात, जुन्या बिलबुकांखाली, चार्जिंग संपून पडलेले. भाडं मात्र तिन्हींचं कापलं जात होतं. महिना शंभर-सव्वाशे, वर जीएसटी, म्हणजे एका डब्यामागे वर्षाला दीड हजाराच्या आसपास. रक्कम किरकोळ, म्हणून मालकांनी कधी पाहिली नाही. बँकेचा उतारा जुळवताना ती माझ्या हाताला लागली.

मग बचत कुठे आहे? १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे प्रत्येक विक्रीमागे बँक कापते तो आकार, शून्य झाला. त्याआधी, २०१८ पासूनच्या दराने, वीस लाखांवर उलाढाल असलेल्याला डेबिट कार्डाच्या विक्रीवर शंभर रुपयांमागे नव्वद पैशांपर्यंत द्यावे लागत. दुसरी बचत आपण विसरतोच. आपण ज्याला ४४एडी म्हणतो त्या अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत रोखीच्या विक्रीवर किमान आठ टक्के नफा धरावा लागतो, बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर सहा टक्के. एक कोटीची विक्री सगळी क्यूआरवर झाली, तर आठऐवजी सहा लाख उत्पन्न दाखवून चालतं. पण मंडळी, या दोन्ही सवलती सरकारने दिल्यात, यंत्राने नव्हे. नियम बदलला की त्या जातील आणि डब्याचं भाडं तेवढं राहील.

थोडं वायफायबद्दल. आपल्याकडच्या इमारती एकमेकींना चिकटलेल्या, खाली दुकानं, वर बिऱ्हाडं आणि दवाखाने, प्रत्येकाचा राउटर वेगळा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन. सणाच्या गर्दीत बिलिंगचा कॉम्प्युटर अडकतो, गिऱ्हाईक साडी काउंटरवर ठेवून शेजारच्या दुकानात जातं, आणि हा तोटा कुठल्याच खात्यात चढत नाही. बिलिंगचा कॉम्प्युटर, कॅमेरे, प्रिंटर जागचे हलत नाहीत. त्यांना तारच द्या. माळ्यावरचा स्टॉक मोजणारा स्कॅनर किंवा घरपोच माल देणाऱ्या पोऱ्याच्या हातातलं स्वाइप मशीन यांना मात्र बिनतारीशिवाय गत्यंतर नाही, आणि तिथे खर्च वसूलही होतो. पोऱ्याची उधारी वसुलीची दुसरी खेप वाचते.

बिनतारीचा आपला जुना अनुभवही आठवा. सोळा रुपये मिनिटाचा मोबाईल आपण १९९५ नंतर पाहिला, आलेल्या फोनचेही पैसे भरले. पुढे दर उतरले ते स्पर्धेमुळे. तेव्हा आज एकाच कंपनीच्या पेटीला सगळा गल्ला बांधून टाकू नका. आणि थोडी रोखही हाताशी ठेवा: १२ एप्रिल २०२५ ला, ऐन शनिवारी, देशभर यूपीआय कोलमडलं, तेव्हा ज्यांच्याकडे सुट्टे होते त्यांची विक्री चालू राहिली.

माझी विनंती एवढीच आहे. मार्चअखेरीची वाट न बघता या आठवड्यात बँकेचा वर्षभराचा उतारा काढा. त्यातल्या शे-दोनशेच्या वजावटींवर लाल पेनाने खुणा करा, आणि जे यंत्र वापरात नाही ते परत करून भाडं बंद झाल्याचं कंपनीकडून लेखी घ्या.