सिल की स्ट्रोमिंग?



स्वीडनमध्ये एकाच माशाला दोन नावं आहेत. काल्मारच्या दक्षिणेला जाळ्यात आला तर तो 'सिल', उत्तरेला आला तर 'स्ट्रोमिंग'. मासा तोच, हेरिंग; आपल्या तारलीचा नातलग म्हणा. उत्तरेकडचा जरा बुटका. तो आंबवून डब्यात भरतात आणि डबा शक्यतो घराबाहेर उघडतात. सुक्या बोंबलावरून ज्यांचं शेजाऱ्यांशी वाजलं असेल, त्यांना जास्त सांगायला नको.

बाल्टिक समुद्रातल्या या बुटक्या हेरिंगला निसर्गशास्त्रज्ञ लिनियसनं 1761 मध्येच वेगळी उपजात ठरवलं. पण 1981 मध्ये संशोधक लेइफ अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेरिंगची प्रथिनं तपासली, तेव्हा फरक जवळजवळ सापडलाच नाही. मग कोळी आणि लिनियस दोघेही चुकले होते का?

अँडरसन पुढे उप्साला विद्यापीठात प्राध्यापक झाले. अख्खा जनुकसंच वाचायची सोय झाली, तेव्हा ते पुन्हा याच माशाकडे वळले. जुनं उत्तर खोटं नव्हतंच. अब्जावधींच्या या गोतावळ्यात जनुकसंच बहुतेक ठिकाणी सारखाच निघाला. पण मोजक्या जागी फरक असा ठळक, की डोळे विस्फारावेत.

डोळ्यांवरून आठवलं. बाल्टिकचं पाणी अटलांटिकपेक्षा कितीतरी कमी खारट आणि गढूळसर. निळा प्रकाश त्यात शोषला जातो, तांबूस तेवढा खाली पोचतो. हेरिंगच्या डोळ्यात ऱ्होडॉप्सिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्या साखळीतली 261वी एकच कडी बाल्टिकमध्ये बदललेली आहे, आणि तेवढ्यानं नजर तांबड्या उजेडाकडे सरकली. समुद्र जेमतेम आठ-दहा हजार वर्षांचा, म्हणजे हे सगळं उत्क्रांतीच्या हिशेबात परवाच घडलं.

दुसरा फरक गाभोळीचा. काही हेरिंग वसंतात अंडी घालतात, काही शरदात. हा ऋतू थायरॉइडशी निगडित एका जनुकाशी जोडलेला आढळला. एरवी दोघे कित्येकदा एकाच पाण्यात चरतात आणि एकाच जाळ्यात येतात. टोपलीत ते ओळखू येत नाहीत. आता पराचा नखाएवढा तुकडा तपासून कोण वसंतातला, कोण शरदातला, हे सांगता येतं. नुसती टनांची मोजणी करणाऱ्याला मात्र शरदातले संपत आले तरी कळायचं नाही, वसंतातल्यांनी टोपली भरलेलीच असते.