चित्रफितीची स्मृती



२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्राचा प्रारंभ झाला. दिल्लीनंतरचे हे देशातील दुसरे केंद्र होय. वरळीहून निघणाऱ्या लहरी झेलण्यासाठी अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत चाळींच्या कौलांवर आणि इमारतींच्या गच्च्यांवर अँटेना उभ्या राहिल्या. ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी संध्याकाळी अवघी चाळ जमे. ‘गजरा’, ‘चिमणराव’, ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमांतील माणसे घरोघरच्या परिचयाची झाली. ती चित्रे टिपणारी आणि साठविणारी यंत्रे मात्र अपरिचितच राहिली. वस्तुतः पुढील पिढीच्या हाती काय उरावे, हे पुष्कळ अंशी त्या यंत्रांनीच ठरविले.

चित्रपटाचा कॅमेरा त्या काळी फिल्मवर चित्र उमटवीत असे. दूरचित्रवाणीच्या जुन्या कॅमेऱ्यात फिल्म नसे. काचेची एक निर्वात नळी असे. भिंगातून आलेले चित्र नळीच्या प्रकाशसंवेदी पटलावर पडे. इलेक्ट्रॉनांची शलाका ते पटल ओळीओळीने चाचपीत जाई आणि उजेड-अंधाराच्या प्रमाणात विद्युत संकेत निर्माण होई. आपल्या देशात स्वीकारलेल्या पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे असत. १९८२ साली देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. स्टुडिओतील रंगीत कॅमेऱ्यात लाल, हिरव्या व निळ्या रंगांसाठी बहुधा तीन स्वतंत्र नळ्या असत. त्यांची चित्रे परस्परांवर तंतोतंत बसविणे हे तंत्रज्ञांचे नित्याचे आणि जिकिरीचे काम होते.

परंतु नळीतून निघालेला संकेत क्षणार्धात विरून जाई. त्याला स्मृती दिली ती चित्रफितीने. चित्राच्या संकेतात ध्वनीच्या तुलनेत शेकडो पट अधिक कंपने असतात. ती नोंदवायची तर फीत अतोनात वेगाने पळवावी लागणार, ही मोठीच अडचण होती. अमेरिकेतील अँपेक्स या कंपनीने १९५६ साली तीवर तोड काढली. दोन इंच रुंदीची फीत सेकंदाला १५ इंच अशा संथ गतीनेच सरकवायची आणि तिच्यावरून चार चुंबकीय शीर्षे बसविलेले चाक आडवे, प्रचंड वेगाने फिरवायचे, अशी ही युक्ती होती. पुढे १९७१ साली पाऊण इंची यू-मॅटिक कॅसेट आणि १९८२ साली अर्धा इंची बीटाकॅम आली. यंत्रे लहान झाली, तसतसे चित्रीकरण स्टुडिओबाहेर, शेताच्या बांधापर्यंत पोहोचणे सुलभ झाले.

चित्रफितीचा एक गुण मात्र तिच्या मुळावर आला. ती पुसून पुन्हा वापरता येई. फीत महाग, कपाटे अपुरी. तेव्हा एकदा प्रक्षेपित झालेल्या कार्यक्रमावर दुसरा कार्यक्रम मुद्रित करणे ही जगभरच्या केंद्रांची काटकसर ठरली. १९६९ साली मानवाने चंद्रावर पाऊल ठेवले. त्या दृश्यांचे मूळ संकेत ज्या चुंबकीय फितींवर होते, त्याही पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष ‘नासा’ला २००९ साली जाहीर करावा लागला. ही काटकसर करणारे लोक बेफिकीर नव्हते. आजची नोंद उद्याचा इतिहास असते, याचे भान त्या वेळी राहिले नाही, इतकेच.

जतन केल्याचे फळही आपण पाहिले आहे. ‘महाभारत’ या मालिकेचे बहुतांश चित्रण गोरेगावच्या चित्रनगरीत झाले. तिचे प्रक्षेपण १९८८ ते १९९० या काळात झाले. २०२० च्या टाळेबंदीत ती पुन्हा दाखविण्यात आली आणि आजोबांनी पाहिलेले भाग नातवंडांनी पाहिले. जपून ठेवलेले मुद्रण हाती होते, म्हणूनच हे घडू शकले.

हा प्रश्न केवळ दूरदर्शनचा नाही. शाळेचे स्नेहसंमेलन, गावच्या बंधाऱ्याचे श्रमदान, साक्षरता अभियानाची प्रभातफेरी यांच्या व्हिडिओ कॅसेट आजही अनेक शाळांच्या व कार्यालयांच्या कपाटांत पडून आहेत. लोहभस्माचा चुंबकीय थर फितीला धरून ठेवणारे चिकट द्रव्य दमट हवेत खराब होते. फितीला बुरशी लागते. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईच्या उपनगरांत हा धोका अधिक. त्यात २०१६ साली व्हीसीआरचे आणि बीटामॅक्स कॅसेटचे उत्पादन जवळपास थांबले. फीत शाबूत असली तरी ती दाखविणारे यंत्र मिळेनासे होत आहे.

यास्तव काही गोष्टी अगत्याने कराव्यात. कपाटातील कॅसेटची यादी करावी. प्रसंग, गाव व वर्ष त्यावर नोंदवावे. त्या प्रसंगी उपस्थित असलेले वृद्ध हयात आहेत तोवर माणसांची नावे विचारून घ्यावीत. कॅसेट कोरड्या, थंड जागी, उभ्या ठेवाव्यात. बुरशी दिसल्यास ती यंत्रात मुळीच घालू नये. जाणकाराकडून साफ करून घ्यावी. तिचे संगणकीय रूपांतर करून दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. आणि निर्लेखनाच्या यादीत ‘जुन्या कॅसेट’ असा शेरा मारण्यापूर्वी, तीत काय आहे ते एकदा पाहावे.

दप्तरातील जुना कागद आपण जपतो, कारण तो पुरावा असतो. चित्रफीतही तसाच पुरावा आहे. त्यात गावाचा चेहरा आहे आणि आवाजही आहे.