अवयवदानाची संमती : रुग्णालयाचे कर्तव्य आणि कुटुंबाचा अधिकार

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे एकापाठोपाठ एक वसलेली असून, तेथील नोकरदारांचा मोठा वर्ग रोज लोकलने मुंबईच्या दिशेने ये-जा करतो. लोकलमधून पडल्याने किंवा रस्त्यावरील अपघाताने डोक्याला जबर मार बसलेला, अथवा वाढलेल्या रक्तदाबामुळे मेंदूत रक्तस्राव झालेला रुग्ण प्रथम अंबरनाथच्या छाया रुग्णालयात, उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात किंवा जवळच्या खासगी दवाखान्यात नेला जातो, आणि प्रकृती गंभीर असल्यास तेथून ठाण्याकडे किंवा मुंबईकडे हलवला जातो. अशा रुग्णांपैकी काहींच्या बाबतीत, सर्व उपचार करूनही, एक वेळ अशी येते की हृदय चालू असते, व्हेंटिलेटरमुळे छाती वर-खाली होत असते, परंतु मेंदूचे कार्य कायमचे थांबलेले असते. अवयवदानाचा प्रश्न कुटुंबासमोर येतो तो बहुधा याच वेळी. तो कोणी विचारावा, कसा विचारावा आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार कोणाचा, हे कायद्याने ठरवून दिलेले असले तरी सामान्य कुटुंबापर्यंत ते फारच थोडे पोहोचले आहे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया केली, तेव्हा मेंदूच्या मृत्यूला मृत्यू मानणारा कोणताही कायदा देशात नव्हता. तो कायदा होण्यास पुढे पाव शतकाहून अधिक काळ लागला. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यानंतर संसदेने १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम संमत केला, आणि फेब्रुवारी १९९५ पासून तो या राज्यांत लागू झाला. २०११ च्या दुरुस्तीने त्यात ऊतींचा समावेश झाला. ऊती म्हणजे विशिष्ट कार्य करणाऱ्या पेशींचा समूह, आणि नेत्रपटल, त्वचा, हाडे, हृदयाच्या झडपा यांचे दान हे ऊतीदान होय. तपशीलवार नियम २०१४ साली आले व आजची रुग्णालये त्यांनुसारच चालतात.

या कायद्याचा गाभा असलेली संज्ञा म्हणजे मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू, ज्याला बोलीत ‘ब्रेन डेड’ म्हटले जाते. मस्तिष्कस्तंभ हा मेंदूचा मानेकडील भाग असून शुद्ध आणि श्वास यांचे नियंत्रण त्याच्याकडे असते. कोमात गेलेल्या रुग्णाचा मस्तिष्कस्तंभ जिवंत असतो आणि म्हणून तो बरा होण्याची शक्यता शिल्लक राहते; मस्तिष्कस्तंभ मृत झाल्यावर मात्र परत येण्याचा मार्ग उरत नाही, आणि हृदयाचे ठोके केवळ यंत्राने दिलेल्या प्राणवायूवर काही तास किंवा काही दिवस चालू राहतात. कुटुंबाच्या मनातील गोंधळाचे मूळ येथे आहे, कारण अंग ऊबदार असते, मॉनिटरवर रेषा हलत असते, आणि डॉक्टर मात्र मृत्यू झाल्याचे सांगत असतात. अशा वेळी ‘पेशंट मशिनवर जिवंत आहे’ असे एखाद्या कर्मचाऱ्याने सहज बोलून जाणे हे अज्ञानाचे लक्षण तर आहेच, पण त्या कुटुंबावर तो एक प्रकारचा अन्यायही आहे.

हा मृत्यू एकट्या डॉक्टरला जाहीर करता येत नाही. रुग्णालयाचे वैद्यकीय प्रमुख, शासनमान्य यादीतील एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यचिकित्सक, आणि रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर अशा चौघांच्या मंडळाला एकत्रितपणे तो प्रमाणित करावा लागतो; मेंदूविकारतज्ज्ञ उपलब्ध नसल्यास नियमांनुसार भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञ यांसारख्या डॉक्टरांना ती जागा घेता येते, मात्र प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील कोणीही या मंडळात असू शकत नाही. औषधांचा अंमल, शरीराचे घसरलेले तापमान आणि रक्तातील रासायनिक बिघाड ही बेशुद्धीची कारणे नाहीत याची आधी खात्री करून घेतली जाते, आणि नंतर बाहुल्यांवर प्रकाश टाकून, कानात थंड पाणी सोडून, घशाला स्पर्श करून प्रतिसाद तपासला जातो. शेवटी प्राणवायू चालू ठेवून व्हेंटिलेटर काही मिनिटे अलग केला जातो व रक्तातील कर्बद्विप्राणिल वायू वाढूनही शरीर स्वतः श्वास घेण्याचा प्रयत्न करते का, हे पाहिले जाते. किमान सहा तासांच्या अंतराने या सर्व तपासण्या पुन्हा केल्या जातात व चौघेही नमुना क्रमांक १० वर स्वाक्षरी करतात. घाईने मृत घोषित करून अवयव काढून घेतील ही जी भीती अनेकांना वाटते, तिच्यासाठीच ही सारी व्यवस्था आहे, आणि या तपासण्यांची माहिती मागण्याचा संकोच कुटुंबाने अजिबात बाळगू नये.

२०११ च्या दुरुस्तीने रुग्णालयावर एक स्पष्ट कर्तव्य टाकले. अतिदक्षता विभागातील रुग्णाने पूर्वी अवयवदानाची संमती दिली होती का, हे डॉक्टरांनी प्रत्यारोपण समन्वयकाच्या सल्ल्याने नातलगांकडे चौकशी करून जाणून घ्यावे, आणि दिली नसल्यास दानाचा पर्याय त्यांच्या निदर्शनास आणून द्यावा, असे कायदा सांगतो. समन्वयक म्हणजे कुटुंब, डॉक्टर, पोलीस आणि वाटप करणारी संस्था यांच्यातील दुवा असलेली प्रशिक्षित व्यक्ती. पुष्कळ डॉक्टरांना हा प्रश्न विचारणे निष्ठुरपणाचे वाटते आणि ते गप्प राहतात. पण त्या मौनाने कुटुंबाचे दुःख कमी होत नाही, फक्त निर्णय घेण्याचा त्याचा अधिकार न वापरताच संपून जातो. विचारण्याची रीत मात्र महत्त्वाची आहे. मृत्यूची बातमी आणि दानाची विचारणा ही दोन संभाषणे वेगळी असावीत. बातमी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी द्यावी, ती पचायला वेळ मिळावा, आणि त्यानंतर समन्वयकाने वॉर्डाच्या दाराशी उभ्याने नव्हे, तर एखाद्या खोलीत बसून, कुटुंबाच्या भाषेत बोलावे. उल्हासनगरसारख्या शहरात ती भाषा मराठीइतकीच सिंधी किंवा हिंदी असू शकते.

संमती देणारा कोण, या प्रश्नावर सर्वाधिक वाद होतात. पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडे एवढेच कायद्याच्या व्याख्येतील ‘जवळचे नातलग’ आहेत. मामा, काका, मेहुणे किंवा जावई यांचा शब्द घरात कितीही चालत असला, तरी कायद्याच्या दृष्टीने ते या यादीत नाहीत. देहाचा कायदेशीर ताबा असलेल्या नातलगाने नमुना क्रमांक ८ वर संमती द्यायची असते, आणि मृत व्यक्ती अल्पवयीन असल्यास आई किंवा वडिलांनी नमुना क्रमांक ९ वर. परंतु मृत व्यक्तीने हयातीत विरोध व्यक्त केला होता, किंवा जवळच्या नातलगांपैकी कोणाचा आक्षेप आहे, असे मानण्यास कारण असेल तर संमती देता येत नाही. म्हणजे पत्नी तयार असताना साताऱ्याच्या गावी असलेल्या भावाने फोनवरून हरकत घेतली, तरी प्रक्रिया थांबू शकते. हयातीत दोन साक्षीदारांसमोर, ज्यांपैकी एक जवळचा नातलग असावा लागतो, लेखी संमती दिलेली असेल तर कायदा त्या इच्छेला मान देण्यास सांगतो. तरीही प्रत्यक्षात कुटुंबाच्या होकाराशिवाय रुग्णालये पुढे जात नाहीत. म्हणूनच प्रतिज्ञापत्राचे कार्ड पाकिटात ठेवून घरी न सांगणे, किंवा वाहन परवान्याच्या अर्जात दानाच्या रकान्यावर खूण करून ती विसरून जाणे, फारसे उपयोगाचे नाही. ते कार्ड पाकिटात राहते आणि ज्यांना विचारले जाणार त्यांना काहीच ठाऊक नसते.

संमती गृहीत धरणारा कायदा केला की प्रश्न सुटेल, असे काहींचे मत आहे व त्यासाठी स्पेनचे उदाहरण दिले जाते. स्पेनमध्ये १९७९ पासून तसा कायदा आहे हे खरे, पण तेथील डॉक्टर कुटुंबाला विचारल्याशिवाय अवयव घेत नाहीत. तेथे खरी वाढ झाली ती १९८९ साली राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन होऊन रुग्णालयारुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेल्यावर. दर दहा लाख लोकसंख्येमागे तेथे अलीकडच्या बहुतेक वर्षांत चाळीसहून अधिक मृत्यूपश्चात दाते मिळतात, तर भारतात हे प्रमाण एकापेक्षाही कमी आहे. भारताला आज गरज आहे ती अधिक कडक कायद्याची नव्हे, तर नीट विचारणाऱ्या माणसांची.

अंबरनाथ-बदलापूरसारख्या ठिकाणी आणखी एक अडचण येते. अवयव काढण्याची शस्त्रक्रिया नोंदणीकृत रुग्णालयातच करता येते. जेथे प्रत्यारोपण होत नाही, पण अतिदक्षता विभाग व शस्त्रक्रियागृह आहे, अशा रुग्णालयांनाही केवळ अवयव काढण्याचे केंद्र म्हणून नोंदणी मिळू शकते. ही नोंदणी जितकी अधिक रुग्णालये करतील, तितके कुटुंबाला रुग्ण दूर हलवण्याचे कष्ट कमी पडतील. अवयवांचे वाटप मुंबई, ठाणे व आसपासच्या भागासाठी शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातून चालणारी विभागीय प्रत्यारोपण समन्वय संस्था प्रतीक्षायादीनुसार करते; अवयव कोणाला द्यावा हे कुटुंब ठरवू शकत नाही आणि दात्याची व घेणाऱ्याची ओळख एकमेकांना दिली जात नाही. हृदय साधारण चार ते सहा तासांतच बसवावे लागत असल्याने वेळेचा हिशेब काटेकोर असतो.

अपघाती मृत्यूत पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन टळत नाही, व रेल्वे अपघात असेल तर लोहमार्ग पोलिसांशी संपर्क साधावा लागतो. त्यामुळे दान अशक्य होते असे मात्र नाही, कारण कायद्यात त्याची स्वतंत्र तरतूद आहे, आणि नोव्हेंबर २०२१ पासून अवयवदानासाठी सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करण्यास केंद्र सरकारने मुभा दिली आहे. खर्चाबाबतही नियम स्वच्छ आहे : दात्याच्या देहाची देखभाल, अवयव काढणे व ते पोहोचवणे यांचा भार दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही. अवयवांच्या व्यापारासाठी पाच ते दहा वर्षांचा कारावास आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड आहे. म्हणून पैशाचे आमिष दाखवून संमती मागणाऱ्या कोणाशीही बोलणे तेथेच थांबवावे.

मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हा तसा विरळा. बहुतेक मृत्यू हृदय थांबून, पुष्कळदा घरीच होतात, आणि तेथेही नेत्रदान व त्वचादान शक्य असते. या परिसरात त्वचादानाचे महत्त्व विशेष आहे, कारण अंबरनाथ व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखाने आहेत आणि भाजलेल्या रुग्णाच्या जखमांवर दात्याच्या त्वचेचे तात्पुरते आवरण घातल्यास जंतुसंसर्ग व द्रवांची हानी रोखता येते. शीवच्या रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही अशी पेढी आहे. मांड्या, पाय व पाठीवरून केवळ पातळ थर घेतला जातो, रक्तगट जुळावा लागत नाही, आणि ग्लिसरॉलमध्ये ही त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते. नेत्रपटल व त्वचा दोन्ही मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढणे इष्ट असते. तोवर पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी, पंखा बंद करावा आणि डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला तयार ठेवावा. चष्मा असणे किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असणे नेत्रदानाच्या आड येत नाही; रेबीज, एचआयव्ही, कावीळ यांसारखे संसर्ग मात्र येतात.

देहदान ही याहून वेगळी गोष्ट असून ती १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमाखाली वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी होते. डोंबिवलीच्या दधिची देहदान मंडळासारख्या संस्थांनी तिचा प्रसार या भागात केला आहे, आणि २०२४ मध्ये अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाल्याने तिची गरज आता गावातच निर्माण झाली आहे. शवविच्छेदन झालेला किंवा अंतर्गत अवयव काढलेला देह सहसा यासाठी स्वीकारला जात नाही, नेत्रदानानंतरचा मात्र स्वीकारला जातो. म्हणून इच्छापत्रात कोणत्या दानाला प्राधान्य आहे हे स्पष्ट लिहावे.

राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेचा १८०० ११ ४७७० हा निःशुल्क क्रमांक घरातील सर्वांकडे असावा. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी कुटुंबाने समन्वयकाला दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : कोणकोणते अवयव व ऊती घेतल्या जाणार, कारण प्रत्येकाची संमती वेगळी देता किंवा नाकारता येते; आणि देह ताब्यात किती वाजता मिळेल, कारण दुसरी तपासणी, पथकांचे आगमन, शस्त्रक्रिया व शवविच्छेदन यांत बराच वेळ जातो, आणि गावाहून निघालेल्या नातलगांना अंत्यविधीची वेळ कळवायची असते.