निर्वासितांच्या हाताला काम देणारी कमलादेवी



‘निर्वासित’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर तंबू, शिध्याच्या रांगा आणि पुढे केलेला हात उभा राहतो. त्या हातावर काय ठेवावे, या प्रश्नाला ज्यांनी कृतीने उत्तर दिले, त्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांचे आज स्मरण करावयाचे आहे.

३ एप्रिल १९०३ रोजी मंगळूर येथे एका सारस्वत कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बालवयातच वैधव्य आले; पण त्यांनी शिक्षण सोडले नाही आणि रूढी झुगारून पुनर्विवाह केला. १९२६ साली मद्रास विधिमंडळाची निवडणूक लढवून त्या थोडक्या मतांनी पराभूत झाल्या. १९२७ मध्ये आपल्या पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. त्या परिषदेच्या संघटनेची धुरा त्यांनी वाहिली. मिठाच्या सत्याग्रहातून स्त्रियांना वगळू नये, हा आग्रह त्यांनी प्रत्यक्ष गांधीजींपाशी धरला आणि १९३० साली मुंबईत मीठ विकून कारावास पत्करला.

स्त्रीला तिचा हक्क कोणी दान म्हणून देत नसतो, ही जाणीव त्यांना या लढ्यांनी दिली. फाळणीनंतर हीच जाणीव त्यांनी निर्वासितांच्या छावणीत नेली. १९४८ साली त्यांनी ‘इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन’ स्थापन केली. दिल्लीनजीक छतरपूर येथे विस्थापित शेतकऱ्यांना सहकारी तत्त्वावर वसविण्याचे काम प्रथम झाले. पाठोपाठ फरिदाबाद उभे राहिले. वायव्य सरहद्द प्रांतातून सर्वस्व गमावून आलेले हजारो हिंदू आणि शीख तेथे होते. त्यांतील अनेक व्यापारी घरांतले; घमेले-फावड्याला त्यांनी कधी स्पर्श केला नव्हता. तरीही ठेकेदाराला दूर ठेवून, सहकारी संस्था काढून त्यांनी आपल्याच हातांनी आपली घरे बांधली. याचकाचा गृहस्थ झाला तो असा!

पुढे शासकीय यंत्रणेची पकड घट्ट होत गेली आणि सहकाराचा तो अंकुर कोमेजला, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. नगर वाढले; पण ज्या वृत्तीने ते घडविले, ती वृत्ती जपणे आपल्याला साधले नाही. कमलादेवी मात्र थांबल्या नाहीत. १९५२ पासून अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी देशभरच्या कारागिरांना उभारी दिली. १९६६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. २९ ऑक्टोबर १९८८ रोजी त्यांची जीवनयात्रा संपली.

मित्रहो, आपत्ती आली की आपण धावून जातो, धान्य आणि कपडे गोळा करतो. ते कर्तव्यच आहे. परंतु पहिला आठवडा सरल्यावर त्या घरातील माउलीला एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘ताई, तुम्हाला कोणते काम येते?’ त्या प्रश्नापासूनच खऱ्या पुनर्वसनाला प्रारंभ होतो. कमलादेवींना आदरांजली वाहावयाची, तर ती याच मार्गाने वाहावी.